वाटीभर साखर म्हणजे किती ग्रॅम?

दिवाळीला घरी जाणं जमलं नाही म्हणून रूमवरच नानकटाई करायला घेतली. आईने फोनवर प्रमाण सांगितलं: दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी तूप. पिठीसाखर नव्हती, मग एक वाटी साखर मोजून मिक्सरमधून काढली. ओव्हनमध्ये सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या. दिवसभर लॅबमध्ये पावडरी तोलणाऱ्या मुलीने ही चूक करावी!

हिशोब असा. माझ्या वाटीत १५० मिलिलिटर पाणी मावतं. तेवढीच साखर भरली तर साधारण १२५ ग्रॅम, आणि पिठीसाखर भरली तर ७५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मी जवळजवळ ५० ग्रॅम साखर जास्त घातली होती.

पदार्थ तोच, मग फरक कुठून आला? साखरेच्या स्फटिकाची घनता १.५९ ग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. पण वाटीतल्या साखरेची घनता काढली तर ती ०.८५ च्या जवळ येते. म्हणजे वाटीचा निम्म्याच्या जवळपास भाग हवा असते! पिठीसाखरेत हवा आणखी जास्त. कण बारीक झाले की त्यांच्या वजनापेक्षा एकमेकांना चिकटण्याचं बळ वरचढ ठरतं, ते नीट घरंगळून बसत नाहीत आणि मध्ये पोकळ्या राहतात. या हवेसकट मोजलेल्या घनतेला बल्क डेन्सिटी म्हणतात.

आणि ही संख्या पदार्थाचा स्थिर गुणधर्म नाही, हे लक्षात ठेवा. मैदा चमच्याने अलगद भरला तर २४० मिलिलिटरच्या कपात १२० ग्रॅम बसतो, कपच डब्यात खुपसला तर १५० पर्यंत जातो. त्यात अमेरिकेचा कप २४० चा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा. द्रवांचं एवढं नखरेल नसतं: तेल ०.९२, दूध १.०३, मध १.४, कसंही ओता. पायलीने धान्य मोजणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती, म्हणून माप सपाट की शीग लावून, हे आधी ठरायचं.

औषधनिर्माणात याच गोष्टीचा उपयोग करतात. पावडर मोजपात्रात भरून आकारमान बघायचं, मग ठोकून ठोकून ती आणखी बसत नाही तोवर थांबायचं आणि परत बघायचं. ठोकल्यानंतरची घनता भागिले आधीची घनता म्हणजे हाउसनर गुणोत्तर. ते १ च्या जवळ असेल तर पावडर छान वाहते, १.३५ च्या वर गेलं की यंत्रात अडकणार. घरी साखर आणि बेसन घेऊन करून बघा, प्रत्येकी पाच वेळा. बेसनाची पाचही उत्तरं वेगळी येतील, आणि तो पसारा किती हे सांगता येणं म्हणजेच अनिश्चितता.

आता 'वजनच खरं' असं लगेच ठरवू नका. पाव चमचा सोडा म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या काट्याचं लघुत्तम माप १ ग्रॅम असेल तर तो 'एक' दाखवेल किंवा 'दोन'. तिथे चमचाच बरा.

लॅबमध्ये मला हे महागात पडलं ते ग्लिसरॉलमुळे. एका जुन्या वहीत नुसतं '२०% ग्लिसरॉल' लिहिलं होतं. मी १०० मिलिलिटर द्रावणासाठी २० ग्रॅम तोलून घ्यायचे. लिहिणाऱ्याने २० मिलिलिटर घेतलं होतं. ग्लिसरॉलची घनता १.२६, म्हणजे त्याचं २५.२ ग्रॅम. माझी विष्यंदिता तीन आठवडे कमीच येत राहिली आणि मी उपकरणाला दोष देत बसले. शेवटी त्या सीनियरला फोन करून विचारलं, "वजन घेतलं होतंस की आकारमान?" दोन मिनिटांचं काम होतं. आता माझ्या वहीत प्रत्येक टक्क्यापुढे वजन/आकारमान की आकारमान/आकारमान हे लिहिलेलं असतं, आणि आईच्या नानकटाईपुढे ग्रॅम.