विश्लेषण : लॉगिन होते, पण फाइल जात नाही, कंपनीच्या सर्व्हरवर घोडे नेमके कुठे अडते?

समजा, नगर-पुणे महामार्गावरील सुपा औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्याचा ट्रक गेटवर उभा आहे. माल भरून झाला आहे, पण तपासणी अहवाल ग्राहक कंपनीच्या सर्व्हरवर चढल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. पासवर्ड बरोबर आहे, लॉगिनही झाले. फोल्डरची यादी मात्र येत नाही. मग ‘सर्व्हर बंद आहे’ म्हणून फोनाफोनी सुरू होते. बहुतेक वेळा सर्व्हर सुरूच असतो. फाइल कोणत्या टप्प्यावर अडली, एवढेच शोधायचे असते.

लॉगिन झाले, तरी यादी का येत नाही?

एफटीपी म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. यात दोन वाटा लागतात. नाव, पासवर्ड आणि आदेश २१ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात. फाइल आणि फोल्डरची यादी दुसऱ्या जोडणीवरून येते. पहिली वाट मोकळी आणि दुसरी बंद असली, की लॉगिन होते आणि पुढे सारे थांबते.

‘ॲक्टिव्ह’ प्रकारात ही दुसरी जोडणी सर्व्हर तुमच्या संगणकाकडे सुरू करतो. बाहेरून आलेली अशी जोडणी ऑफिसचा राउटर सहसा अडवतो. ‘पॅसिव्ह’ प्रकारात सर्व्हर पोर्ट क्रमांक सांगतो आणि तुमचा संगणक तिकडे जातो. म्हणून फाइलझिला, विनएससीपी यांसारख्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये आधी ‘पॅसिव्ह’ निवडून पाहावे. तरीही अडले तर सर्व्हर सांभाळणाऱ्यांना दोन गोष्टी तपासायला सांगा. पॅसिव्हसाठी राखलेले पोर्ट फायरवॉलमध्ये उघडे आहेत का? आणि सर्व्हर बाहेरच्यांना १९२.१६८ने सुरू होणारा आपला अंतर्गत पत्ता तर देत नाही ना?

स्क्रीनवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

सर्व्हर कारण सांगत असतो, पण तो संदेश न वाचताच खिडकी बंद केली जाते. आकडा ४ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती मानली जाते. ५ने सुरू झाला तर काहीतरी बदलल्याशिवाय काम होणार नाही. ४२५ म्हणजे दुसरी जोडणी उघडली नाही. ५३० म्हणजे लॉगिन नाकारले. ५५० म्हणजे फाइल सापडली नाही किंवा तिच्यावर हक्क नाही. ५५२ म्हणजे ठरवून दिलेली जागा संपली. ५५३ म्हणजे फाइलचे नाव मान्य नाही. त्यामुळे ५५० आला असताना पासवर्ड बदलत बसणे व्यर्थ. फोन करण्यापूर्वी या संदेशाचा स्क्रीनशॉट आणि वेळ पाठवली, तर समोरच्या आयटी विभागाला नोंदींमध्ये नेमकी ओळ शोधता येते.

‘सगळ्यांना सगळे हक्क’ दिले तर?

हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक उपाय. एफटीपीऐवजी वापरल्या जाणाऱ्या एसएफटीपी पद्धतीत तर तो उलटतो. ही पद्धत २२ क्रमांकाच्या एकाच पोर्टवर चालते, त्यामुळे दुसऱ्या वाटेचा प्रश्नच उरत नाही. पण लिनक्सवरील ओपनएसएसएच हा सर्व्हर फोल्डरच्या मालकीबाबत काटेकोर असतो. वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरमध्ये इतरांनाही लिहिता येत असेल, तर नेहमीच्या सेटिंगनुसार तो डिजिटल किल्ली नाकारतो. पुरवठादाराला एका फोल्डरपुरते बांधून ठेवले असेल, तर त्या वरच्या फोल्डरची मालकी सर्व्हरच्या प्रशासकाकडेच असावी लागते. फाइल चढवण्यासाठी आत वेगळा उपफोल्डर करून तेवढ्यावरच लिहिण्याचा हक्क द्यावा लागतो. ‘लॉगिन होते, फाइल चढत नाही’ या तक्रारीचे उत्तर अनेकदा इथे सापडते.

विंडोज सर्व्हरवर फोल्डर शेअर केला असेल, तर शेअरचे हक्क आणि फोल्डरचे स्वतःचे हक्क असे दोन थर असतात. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जो कडक, तो लागू होतो. एकच थर बदलून उपयोग नसतो.

फाइल पोहोचली, पण उघडत नाही?

एफटीपीत फाइल ‘टेक्स्ट’ किंवा ‘बायनरी’ प्रकारे जाते. ड्रॉइंग, पीडीएफ किंवा झिप फाइल चुकून टेक्स्ट प्रकारे पाठवली तर ती बिघडू शकते. दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये जुळवून पाहणे ही सोपी खूण आहे.

जुनी एफटीपी का सोडावी?

एफटीपीचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ रोजी अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तेव्हा नेटवर्कवर मोजकेच संगणक होते. त्यामुळे साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा प्रवास करतो, हे त्या काळाला धरून होते. आज ते परवडणारे नाही. क्रोम आणि फायरफॉक्सनेही २०२१मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून फोल्डर उघडण्याची जुनी सवय आता चालत नाही, त्याचे कारण हेच.

घाईतला उपाय महाग का पडतो?

फायरवॉल ‘पाच मिनिटांसाठी’ बंद होते आणि तशीच राहते. एकच पासवर्ड चार पुरवठादारांना दिला जातो. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर फिरते आणि कोणाला कोणती आवृत्ती मिळाली, याची नोंद कंपनीकडे उरत नाही. जुन्या ड्रॉइंगवर माल बनला, तर अख्खा लॉट परत येऊ शकतो.

फाइल पाठवणारे सर्व्हर हल्लेखोरांच्याही नजरेत असतात. मे २०२३मध्ये ‘मूव्हइट’ या फाइल ट्रान्सफर सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा फायदा घेऊन क्लॉप टोळीने जगभरातील असंख्य संस्थांची माहिती चोरली. भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पासवर्ड सर्वांचा एकच असेल, तर त्या नोंदींतून फाइल कोणी उतरवली हे कळत नाही.

म्हणून क्रम ठरलेला असावा : आधी पोर्ट, मग लॉगिन, मग हक्क, मग जागा आणि शेवटी फाइलचा आकार. एका वेळी एकच बदल करायचा, तो लिहून ठेवायचा आणि उपयोग झाला नाही तर लगेच मागे घ्यायचा. ट्रक थोडा उशिरा सुटला तरी भरून काढता येते. घाईत उघडे राहिलेले दार मात्र कोणाच्या लक्षात येईलच, याची खात्री नसते.