तोटीच्या नरसाळ्याचा धडा

एका द्रवांतील पदार्थ त्यांत न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवानें ओढून घेणें, म्हणजे निष्कर्षण. ही व्याख्या घोकून परीक्षा साधते, विद्या साधत नाहीं. विद्यार्थ्याच्या हातींच तोटीचें विभाजक नरसाळें द्यावें. आयोडिनाच्या पिवळसर पाण्यांत हेक्झेन घालून (जवळ ज्योत नसावी) तें हलवावें, उलटें धरून तोटीवाटें वाफ सोडावी, मग स्थिर ठेवावें. वरचा थर जांभळा होतो, खालचें पाणी फिकें पडतें.

पदार्थ पाण्यापेक्षां द्रावकांत चौपट विरघळत असेल, तर पाण्याइतकाच द्रावक एकदम वापरल्यास पाण्यांत २० टक्के पदार्थ उरतो. तोच निम्मानिम्मा करून दोनदां वापरल्यास सुमारें ११ टक्केच. हें नेर्न्स्टच्या १८९१ मधील नियमाचें फळ. फळ्यावरचें गणित मुलें विसरतात. स्वतःच्या हातांनीं फिकें केलेलें पाणी विसरत नाहींत.