ट्रॅक्टरचा डॅशबोर्ड तडकला? आधी कारण शोधा, मग सांधा

मोशी, डुडुळगाव, चऱ्होली, चिखली या इंद्रायणीकाठच्या गावांत शेती आता इमारती आणि कारखान्यांच्या मधोमध उरली आहे. इथला ट्रॅक्टर सकाळी रानात, दुपारी ट्रॉली लावून पुणे-नाशिक रस्त्यावर आणि रात्री बहुतेक वेळा उघड्यावरच उभा असतो. असा ट्रॅक्टर चार-पाच वर्षांचा झाला की मीटरभोवतीच्या प्लास्टिकला एखाद्या स्क्रूपासून बारीक रेघ सुटलेली दिसते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती रेघ वीतभर होते. मग कोणी चिकटपट्टी लावतो, कोणी झटपट गोंद भरतो, कोणी तारेने आवळतो. दोन महिन्यांत तडा पुन्हा उघडतो आणि बहुधा शेजारी दुसराही जातो.

असे होते, कारण आपण तडा बुजवतो. तो ज्यामुळे गेला ते कारण तसेच ठेवतो. कारण दूर केले तर घरच्या हत्यारांनी केलेली दुरुस्तीही वर्षानुवर्षे टिकते. ती कशी करावी आणि कोणता तडा मुळीच सांधू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

तड्याकडे दुर्लक्ष का करू नये?

डॅशबोर्ड तडकल्याने ट्रॅक्टर बंद पडत नाही, म्हणून दुरुस्ती लांबणीवर पडते. पण या प्लास्टिकवरच मीटर, स्विच आणि वायरिंग बसवलेले असते. तडकलेला भाग थरथरतो आणि त्याची धार वायरीवर घासत राहते. वायरीचे वेष्टण गेले की शॉर्टसर्किटचा धोका असतो. तड्यातून पावसाचे पाणी मीटरमध्ये शिरले की काच आतून धुरकट होते. मग ऑइल प्रेशरचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तरी चालवणाऱ्याला तो दिसत नाही. तासांचे मीटर बंद पडले तर ऑइल बदलण्याची वेळ अंदाजावर जाते. म्हणजे प्लास्टिकच्या एका रेघेची किंमत शेवटी इंजिनाला मोजावी लागू शकते.

तडे का जातात?

१) प्लास्टिक आणि लोखंड सारखे फुगत नाहीत.
हे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी लक्षात येणारे कारण आहे. उष्णतेने प्रत्येक वस्तू वाढते, पण प्लास्टिक लोखंडाच्या कितीतरी पट वाढते. एक साधा हिशेब पाहा. डॅशबोर्ड ६० सेंटिमीटर रुंद आहे. हिवाळ्यातील पहाटे तो सुमारे १० अंशांवर असतो आणि एप्रिलच्या दुपारी थेट उन्हात ६० अंशांपर्यंत तापतो. या ५० अंशांच्या फरकात एबीएस प्लास्टिकचा डॅशबोर्ड सुमारे २.४ मिलिमीटर वाढतो. त्याखालची लोखंडी चौकट मात्र अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. म्हणजे सुमारे २ मिलिमीटरची ओढाताण होते. स्क्रू करकचून आवळलेले असतील तर ही सगळी ओढ स्क्रूच्या छिद्राच्या कडेवर येते आणि तडा तिथूनच सुटतो.

हा प्रश्न फक्त ट्रॅक्टरचा नाही. ॲल्युमिनियमच्या मासेमारी बोटींवर स्टिअरिंग आणि मीटरसाठी बसवलेली प्लास्टिकची चौकटही अशीच स्क्रूपासून तडकते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढते, तरीही प्लास्टिकच्या ते खूप मागे राहते.

२) थरथर.
डिझेल इंजिनाचे हादरे आणि ढेकळांतले धक्के रोज तासन्‌तास बसतात. तार वारंवार वाकवली की जशी तुटते, तसे प्लास्टिकही थकते. तड्याचे टोक अणकुचीदार असते. सगळा ताण त्या टोकाशी एकवटतो, म्हणून तडा आपोआप पुढे सरकतो.

३) ऊन.
उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिकचा वरचा थर ठिसूळ होतो. रंग उडून पांढरट भुकटी सुटू लागली, तर ते प्लास्टिक कमकुवत होत असल्याचे लक्षण समजा.

४) रसायने.
पेट्रोल, थिनर आणि काही तेले एबीएसला ताणाच्या जागी तडकवतात. चकाकी यावी म्हणून डॅशबोर्ड पेट्रोलच्या बोळ्याने पुसण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून त्याच्या आट्यांवर लावतात तो द्रवही एबीएसवर ओघळला तर तडे पाडतो.

आधी प्लास्टिक ओळखा

इथे चूक झाली तर पुढची मेहनत वाया जाते. भाग काढून त्याची मागची बाजू पाहा. बहुतेक भागांवर दोन कोनी खुणांच्या मध्ये रोमन अक्षरांत प्लास्टिकचे नाव कोरलेले असते.

• एबीएस : कडक, गुळगुळीत, ठोकल्यावर टणक आवाज. हे ॲसिटोनमध्ये विरघळते, त्यामुळे चिकटवता येते. योग्य एपॉक्सीही यावर धरते.

• पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन : थोडे लवचिक, हाताला किंचित मेणचट. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसा यावर साधा गोंद ठरत नाही. हे वितळवूनच जोडावे लागते.

• पीई, म्हणजे पॉलिइथिलीन : टाक्या आणि डबे याचे असतात. यावरही गोंद चालत नाही.

खूण नसेल तर मागच्या बाजूने नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. एबीएस बुडते, साधे पीपी आणि पीई तरंगते. मात्र पीपीमध्ये खनिज भुकटी मिसळलेली असेल तर तेही बुडू शकते. अशा वेळी बुडालेल्या तुकड्यावर ॲसिटोनचा थेंब टाका. पृष्ठभाग चिकट झाला तर ते एबीएस. काहीच फरक पडला नाही तर बहुधा पीपी. तुकडा जाळून वास घेण्याची पद्धत टाळा. काही प्लास्टिकचा धूर घातक असतो.

दुरुस्तीची पद्धत

तयारी : बॅटरीची ऋण वायर आधी काढा. वायरींचे जोड सोडण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्या. भाग पूर्ण बाहेर काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि वाळवा. जागेवर बसलेल्या भागावर केलेली दुरुस्ती टिकत नाही, कारण मागची बाजू हाती येत नाही आणि ओढही सुटत नाही.

१) तड्याचे टोक शोधा. डोळ्यांना दिसते त्याच्या थोडे पुढे खरे टोक असते. मागून टॉर्च धरा किंवा भाग अलगद वाकवून पाहा. त्या टोकावर ३ मिलिमीटरचे छिद्र पाडा. गोल छिद्रामुळे एका बिंदूवरचा ताण पसरतो आणि तडा तिथे थांबतो. ही पायरी गाळू नका.

२) मागच्या बाजूने तड्याच्या रेषेवर कानशीने किंवा चाकूने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करा. तिची खोली जाडीच्या सुमारे निम्मी ठेवा. दोन्ही बाजूंना बोटभर जागा काचकागदाने खरखरीत करा.

३) समोरच्या बाजूने तड्याच्या कडा जुळवून चिकटपट्टी लावा, म्हणजे काम करताना त्या हलणार नाहीत.

४) आता प्लास्टिकप्रमाणे जोडा.

एबीएस असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवून मधासारखा लगदा करा. तो खाचेत भरा आणि किमान २४ तास सावलीत वाळू द्या. ॲसिटोन लगेच पेट घेते. काम मोकळ्या हवेत करा. विडी, चूल, ठिणगी जवळ नको.

पीपी असेल तर पीपीचीच पट्टी वापरून हॉट एअर गनने वेल्डिंग करा. हवेचे तापमान सुमारे ३०० अंश लागते. पट्टी आणि खाचेच्या दोन्ही कडा एकाच वेळी मऊ झाल्या पाहिजेत. नुसती पट्टी वितळवून वर ओतली तर ती थंड झाल्यावर सुटून येते.

५) मागून आधार द्या. तड्यावर आडवी स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी ठेवून सोल्डरिंग आयर्नने ती प्लास्टिकमध्ये दाबून बसवा आणि वरून त्याच प्लास्टिकचा थर द्या. समोरून जाळी दिसत नाही, पण जोडाला बळ मिळते.

हे काम स्वतः करायचे नसेल तर भोसरी-चाकण पट्ट्यात मोटारींचे बंपर वेल्डिंग करणारे कारागीर आहेत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मोटारींचे बंपर बहुतांशी पीपीच्या मिश्रणाचे असतात आणि बंपरवाल्याच्या हाताशी पट्टीही तीच असते. तुमचा डॅशबोर्ड एबीएसचा असेल तर त्या पट्टीचा जोड धरणार नाही. त्यामुळे प्लास्टिकची खूण त्याला आधी दाखवा आणि पट्टी कोणती वापरणार ते विचारा.

पुन्हा बसवताना

खरी दुरुस्ती इथे होते. प्लास्टिकला वाढायला जागा दिली नाही, तर चांगला जोडही पुन्हा तडकेल.

• मधले एक छिद्र मूळ मापाचे ठेवा. डॅशबोर्ड त्या ठिकाणी पक्का राहील. बाकीची छिद्रे स्क्रूपेक्षा सुमारे २ मिलिमीटर मोठी करा किंवा आडवी लांबट करा.
• प्रत्येक स्क्रूखाली रुंद वॉशर आणि प्लास्टिक-लोखंडाच्या मध्ये रबरी वॉशर घाला. थरथर रबरात मुरते.
• शक्य तिथे छिद्रात लहान धातूची नळी बसवा. तिची लांबी प्लास्टिक आणि रबर यांच्या एकत्रित जाडीपेक्षा केसभर जास्त असावी. मग स्क्रू पक्का आवळला तरी दाब नळीवर येतो, प्लास्टिकवर नाही.
• खोलगट डोक्याचे स्क्रू वापरू नका. ते पाचरीसारखे छिद्र फाकवतात. सपाट बुडाचे स्क्रू घ्या.
• स्क्रू ढिले होत असतील तर आट्यांवर द्रव लावण्याऐवजी आत नायलॉनचे कडे असलेले नट वापरा.
• वायरी धारेला घासणार नाहीत अशा बांधा. त्यांना थोडी ढील ठेवा.

हे तडे सांधू नका

सगळेच प्लास्टिक दुरुस्त करण्याजोगे नसते. डॅशबोर्डचा जोड सुटला तर थोडी गैरसोय होते. खालील भागांचा जोड सुटला तर जीवावर बेतू शकते.

• पाठीवरच्या फवारणी पंपाची टाकी : ती पॉलिइथिलीनची असते. ताणाखालील पॉलिइथिलीनला साबणासारख्या पदार्थांमुळे तडे जाऊ शकतात आणि कीटकनाशकांत व स्टिकरमध्ये असे पदार्थ असतात. म्हणजे दिसणारा तडा एक असला तरी आसपासचे प्लास्टिकही कमकुवत झालेले असू शकते. बुडाशी किंवा पट्ट्याच्या जोडाशी तडा असेल तर टाकी बदला. गळणाऱ्या पंपातून औषध सरळ पाठीवर उतरते आणि कातडीतून शरीरात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. त्यामागे एकच कारण नव्हते, पण औषध अंगावर येऊ न देणे किती महत्त्वाचे आहे हे त्या घटनेने दाखवून दिले.
• डिझेलची प्लास्टिक टाकी : रिकामी टाकीसुद्धा गरम करू नका. आतली वाफ पेट घेऊ शकते.
• बॅटरीचे आवरण, ब्रेक ऑइलची डबी, रेडिएटरची प्लास्टिक टाकी : गळती दिसली की बदला.

डॅशबोर्डही कधी बदलावा? प्लास्टिक बोटाने दाबल्यावर कडकड आवाज करत असेल, भुकटी सुटत असेल किंवा एकाच भागाला चार-पाच तडे असतील तर त्यात सांधण्याजोगे काही उरलेले नाही. नवा भाग घेताना जुन्या भागामागचा क्रमांक आणि ट्रॅक्टरचा चेसिस क्रमांक सोबत ठेवा. अलीकडे डिसेंबरात मोशीत किसान कृषी प्रदर्शन भरते. तिथे ट्रॅक्टर कंपन्या येतात. जुन्या मॉडेलच्या भागाची चौकशी एकाच फेरीत होते. नवा भागही वर सांगितल्याप्रमाणेच बसवा, नाहीतर तोही त्याच छिद्रापासून तडकेल.

पुढे काळजी

ट्रॅक्टर सावलीत लावा. शेड नसेल तर डॅशबोर्डवर जुने पोते टाका, ऊन अडते. पुसण्यासाठी ओले फडके आणि साधा साबण पुरेसा आहे. मीटरच्या पारदर्शक भागाला थिनर किंवा ॲसिटोन लावू नका. खरीप आणि रब्बीच्या आधी सगळ्या स्क्रूंवरून एकदा नजर फिरवा. छिद्रापाशी केसाएवढी रेघ दिसली तर त्याच दिवशी तिच्या टोकाला छिद्र पाडा आणि स्क्रू सैल करून खाली रबर घाला. पाच मिनिटांचे हे काम कांदा लागवडीच्या घाईत ट्रॅक्टर उभा राहण्याची वेळ टाळते.