बिनबॅटरीचं कार्ड दार कसं उघडतं?

प्रताप नगरातल्या एका जुन्या अपार्टमेंटमधल्या काकांचं दाराचं कार्ड हरवलं. बाजारातून तसंच पांढरं कार्ड आणलं, पण रीडर ढिम्म! मेट्रोचं कार्ड लावलं, तरी तेच.

या कार्डात बॅटरी नसते. असतं ते केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि तिळाएवढी चिप. भिंतीवरचा रीडर सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडत असतो. कार्ड जवळ गेलं की वेटोळ्यात वीज तयार होते; फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं तेच हे तत्त्व. जागी झालेली चिप मग त्या क्षेत्रावरचा भार कमी-जास्त करून आपला नंबर कळवते. विहिरीत सोडलेल्या दोराला खालून कुणी झटके द्यावेत आणि वर हाताला कळावं, तसं.

पण झोका त्याच्या लयीतच ढकलावा लागतो. जुन्या रीडरची लय साधारणपणे सेकंदाला १ लाख २५ हजार कंपनांची. मेट्रोच्या नि बँकेच्या कार्डांची १ कोटी ३५ लाख ६० हजारांची. जमायचं कसं?

लय जुळली तरी नंबर यंत्राच्या यादीत हवा. कार्डावर बारीक छापलेले आकडे असतात ना, ते त्यासाठीच. जुनी कार्डं हा नंबर विचारेल त्याला सांगतात, म्हणून त्यांची नक्कलही सोपी, भोळाच कारभार!

नवं कार्ड घेताना शेजाऱ्याचं चालू कार्ड नमुन्याला न्या. आणि हरवलेल्या कार्डाचा नंबर यादीतून आधी काढायला लावा, नाहीतर ते ज्याला सापडेल त्यालाही दार उघडेल.