मेणाचं जहाज
(समुद्राची प्रयोगशाळा : लेखांक 7)

पाणी जहाजाला दोन प्रकारे अडवतं, हे मागच्या लेखात आलं. एक, तळाशी होणारं घर्षण. दुसरं, लाटा उठवण्यात खर्ची पडणारी ताकद. मग दीडशे मीटरचं जहाज बांधायच्या आधीच हा विरोध मोजायचा कसा?

छोटी प्रतिकृती ओढून पाहावी, हे सुचायला सोपं. पण एकोणिसाव्या शतकात जाणत्या जहाजबांधणीवाल्यांचाही प्रतिकृतींवर भरवसा नव्हता, आणि तो का असावा? प्रतिकृतीवर मिळालेला आकडा जहाजाला कोणत्या हिशेबानं लावायचा, हेच ठरलेलं नव्हतं. 1869 साली ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या समितीनं खरी जहाजंच ओढून पाहावीत असं सुचवलं. समितीतले विल्यम फ्रूड मात्र वेगळ्या मताचे होते.

फ्रूड मूळचे रेल्वेचे अभियंते, नामांकित अभियंता ब्रुनेलच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ अशा दोन घाटांच्या प्रतिकृती तीन, सहा आणि बारा फूट लांबीच्या करून नदीत ओढल्या होत्या. रेव्हनची टोकं निमुळती, स्वानची बोथट. कमी वेगात रेव्हन सरस ठरली, जास्त वेगात स्वान. म्हणजे सर्व वेगांना चालणारा एकच आदर्श घाट असतो, ही त्या काळची लाडकी समजूत तिथेच निकालात निघाली. त्याहून मोलाचं म्हणजे, वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला की लहानमोठ्या प्रतिकृतींभोवती लाटांची नक्षी सारखीच उठते, हे त्यांना दिसलं.

आकडे घालून पाहू. 150 मीटरचं जहाज 20 नॉट वेगानं जाणार आहे. प्रतिकृती 6 मीटरची, म्हणजे पंचविसावा हिस्सा. पंचवीसचं वर्गमूळ पाच, म्हणून ती 4 नॉटनं ओढायची. मग लाटांचा विरोध पंचवीसच्या घनानं, 15,625 पटीनं वाढवला की जहाजाचा आकडा मिळतो.

इथेच खरी गोम आहे. घर्षण हा नियम पाळत नाही. घर्षणाच्या दृष्टीनं जहाज आणि प्रतिकृती यांच्याभोवतीचे प्रवाह सारखे ठेवायचे, तर त्याच पाण्यात प्रतिकृती 500 नॉटनं ओढावी लागेल! दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत, आजही नाहीत. फ्रूडनी तोड काढली ती हिशेबातली. वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळे थर दिलेल्या फळ्या पाण्यातून ओढून त्यांनी घर्षणाची कोष्टकं बनवली. प्रतिकृतीच्या एकूण विरोधातून तिचं घर्षण वजा करायचं, उरलेलं 15,625 नं गुणायचं, समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून जड म्हणून किंचित वाढवायचं आणि त्यात खऱ्या जहाजाचं घर्षण मिळवायचं. दोन विरोध इतके स्वच्छ वेगळे करता येतात, असं मानणं थोडं धाडसाचंच. पण हे धाडस फळलं.

ब्रिटिश नौदलानं 2,000 पौंड दिले आणि टॉर्की इथे घराशेजारी फ्रूडनी टाकी बांधली. 1872 मध्ये काम सुरू झालं. वर रुळांवरून धावणारी गाडी, खाली तिनं ओढलेली प्रतिकृती. ती पॅराफिन मेणाची, कारण मेण तासता येतं, घाट पसंत पडला नाही तर वितळवून पुन्हा ओतता येतं.

समितीला हवी होती तशी खऱ्या जहाजाची चाचणीही झाली. 1871 मध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’नं ‘ग्रेहाउंड’ला ओढलं. दोर बाजूला काढलेल्या लांब वाशाला बांधला, म्हणजे पुढच्या जहाजानं ढवळलेलं पाणी मागच्याच्या वाट्याला येऊ नये. प्रतिकृतीवरून काढलेला अंदाज जुळला. शिवाय एक अनपेक्षित गोष्ट कळली: इंजिनाच्या ताकदीतली निम्म्याहून कमीच जहाज पुढे नेण्यात कामी येत होती.

1883 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या डेनी कंपनीनं स्वतःची टाकी बांधली. खासगी जहाजबांधणीवाल्याची ही पहिलीच. ती आज संग्रहालयात आहे. अमेरिकेतल्या कार्डेरॉकची टाकी सुमारे 900 मीटर लांब आहे. तिथे रूळ सरळ रेषेत टाकले असते तर पृथ्वीच्या गोलाईमुळे पाण्यापासूनचं अंतर दीड सेंटिमीटरभर बदललं असतं, म्हणून रूळही गोलाईला धरून घातले आहेत. आपल्याकडे विशाखापट्टणमला डीआरडीओच्या नौदलविषयक प्रयोगशाळेची टाकी 500 मीटरची आहे.

हे सगळं शांत पाण्यातलं. पुढच्या आठवड्यात टाकीतच मुद्दाम लाटा उठवायच्या, आणि खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती कशा तपासतात तेही पाहायचं.