प्रतिशब्द आणि व्याख्या

येथे कोसाडला माझ्या एका विद्यार्थ्याने वडिलांवर इंग्रजी निबंध लिहिला. वडील काटकसरी आहेत, हे त्याला अभिमानाने सांगावयाचे होते. पण त्याने शब्द योजला 'मायझर', म्हणजे कंजूष! दोष मुलाचा नव्हे, नुसते प्रतिशब्द पाठ करण्याच्या सवयीचा होता.

प्रतिशब्द अर्थाची दिशा दाखवितो. व्याख्या त्याची सीमा आखून देते. 'फ्रूगल' म्हणजे पैसा व अन्न जपून, गरजेपुरते वापरणारा. 'मायझर' म्हणजे धन साठविण्याच्या लोभाने स्वतःवरही खर्च न करणारा. एकात विवेक आहे, दुसऱ्यात हाव.

मोल्सवर्थसाहेबांच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशात कित्येक मराठी शब्दांपुढे सविस्तर स्पष्टीकरण आढळते, ते याचसाठी. पुढे जपानात इंग्रजी शिकविणाऱ्या हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह खास परभाषिकांसाठी इंग्रजी-इंग्रजी कोश रचला. ऑक्सफर्डने तो १९४८ साली प्रसिद्ध केला.

अशा कोशातून रोज पाचच शब्द घ्यावेत. व्याख्या वाचून कोश मिटावा आणि ती आपल्या सोप्या इंग्रजीत लिहावी. मग जवळच्या शब्दाहून त्याचा भेद कोणता, हे पाहावे व शेवटी आपल्या घरादारातले एक वाक्य रचावे. आठवड्याने पुन्हा उजळणी करावी.

त्या मुलाने दोन्ही व्याख्या वाचल्या, मुकाट्याने तो शब्द खोडला आणि वही वडिलांना दाखविण्यासाठी घरी नेली.