कर्जत लोकल आणि इंग्रजीची जोडक्रियापदे

इंग्रजीत साध्या क्रियापदाला ऑन, ऑफ, अप, डाउन असा छोटा शब्द जोडला की नवा अर्थ तयार होतो. अशा जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. कर्जतला लोकलमध्ये चढणे म्हणजे ‘गेट ऑन’, खोपोलीला उतरणे म्हणजे ‘गेट ऑफ’. आपल्याकडे उतरण्याला सर्रास ‘गेट डाउन’ म्हणतात. भारतीय इंग्रजीत ते रुळले आहे, पण ब्रिटिश किंवा अमेरिकी माणूस ‘गेट ऑफ’च म्हणेल. मोटारीसाठी मात्र ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. खालापूरच्या टोलनाक्याआधी वेग कमी करणे म्हणजे ‘स्लो डाउन’. बोरघाटात गाडी बंद पडणे म्हणजे ‘ब्रेक डाउन’.

काही जोड्या फोडता येतात: ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आले तर ते मधेच बसते: ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’, म्हणजे सांभाळणे, ही जोडी मात्र फुटत नाही.

मराठीतही ‘बोलून टाकणे’ आणि ‘बोलून बसणे’ यांत फरक आहेच. म्हणून सुट्या शब्दांचे अर्थ जुळवत बसू नका. जोडी अख्ख्या वाक्यासकट लक्षात ठेवा.